निळ्या ठिपक्यांची भांडी

रविवार संध्याकाळ, येलहंका

पोट तुडुंब भरलंय, तरी लिहून ठेवतेच.

झर्मीनाकडे आज मी आणि फ्लोरामावशी पहिल्यांदा जेवायला गेलो. तिचं कुटुंब अफगाणिस्तानातून जीव वाचवून आलेलं. आमच्या इथल्या मूठभर बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घरांनी मिळून काही महिन्यांपूर्वी त्यांना भाड्याचं घर लावून दिलं. भांडी फ्लोरामावशीने आणली आणि सवयीने दोन संच आणले, मटणाचा वेगळा, दुधाचा वेगळा; आमच्या धर्मात दोन्ही एका भांड्यात चालत नाहीत. दुधाच्या भांड्यांच्या बुडाला निळा ठिपकासुद्धा काढला. अगं मावशी, ही मुसलमान माणसं, त्यांना कशाला दोन संच? केवढे हसलो होतो आम्ही.

आज मात्र वाटेभर मला धाकधूक. मावशी परक्या घरी पाण्याशिवाय काही घेत नाही. तिथे तिने नको म्हटलं तर झर्मीनाला काय वाटेल?

झर्मीना गाजर-मनुकांचा पुलाव घेऊन आली. बसण्याआधी तिने झाकलेलं पातेलं मावशीसमोर उंच धरून बूड दाखवलं. निळा ठिपका.

"आंटी, आपने पहले दिन समझाया था ना. इसमें गोश्त कभी नहीं पका. ये सब आपके लिए रखा था."

म्हणजे इतके महिने तिने एकाच संचात भागवलं? आम्ही कधीतरी जेवायला येऊ म्हणून?

मावशीने ताट पुढे केलं. मग पुन्हा केलं. तिसऱ्यांदा तर तिने निळ्या ठिपक्याचं ते पातेलंच जवळ ओढलं आणि बुडाची सगळी खरवड काढून खाल्ली.