शेवंतीची दोन शिंगरं

मी, रवळू सत्याप्पा मगदूम, वय सव्वीस, राहणार सदलगा, तालुका चिकोडी, सध्या हरयाणात हिसारजवळ घोड्यांच्या फार्मवर कामाला, हे मृत्युपत्र माझ्या मनानं, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दाबाखाली न येता लिहितो. दारू प्यालेलो नाही. शिक्षण सहावी. कायद्याच्या ओळी इथं माझ्यासोबत कामाला असलेल्या निपाणीच्या भीमरत्ननं सांगितल्या, बाकीचं माझं.

परवा गुरुवारी माझ्या काळजाची झडप बदलणार आहेत. काल एका कागदावर सही घेतली की काही झालं तर दवाखाना जबाबदार नाही. मग म्हटलं, मी कशाकशाला जबाबदार आहे तेही लिहून ठेवावं.

कलम १. घरातली माझ्या वाटणीची मागची खोली आई सुलाबाई हिला. तिच्यानंतर थोरला भाऊ अप्पासाहेब, म्हणजे आमचा अण्णा, याला. मोटरसायकल आत्ताच अण्णाला. पुढचा ब्रेक लागत नाही. भांडण झालतं म्हणून सांगितलं नव्हतं.

कलम २. शेवंती घोडी मी बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीच्या भट्टीपुढं दोन वर्षं काढून घेतली. ती, तिचा खरारा, लगाम आणि झूल, माझी बायको स्वरूपा हिला. स्वरूपा दीड वर्ष वडगावला माहेरी मागावर साड्या विणते. तरी ती माझी बायको आहे. शेवंतीला शर्यतीच्या गाडीला जुंपायचं का, घोडा दाखवायचा का, हे इथून पुढं स्वरूपा ठरवील. अण्णानं तिला विचारावं. विचारायला लाज वाटली तर घोडी तिच्या बापाच्या दारात नेऊन बांधावी.

कलम ३. हे कलम माझ्या मरणाची वाट बघणार नाही. भीमरत्न आजच या कागदाचा फोटो अण्णाच्या मोबाइलवर पाठवणार आहे.

गेल्या गुरुवारी शेवंती दुसऱ्यांदा गाभडली, दिवस भरायच्या आत शिंगरू टाकलं. येत्या शनिवारी नववा दिवस. आपल्याकडं व्यालेल्या घोडीला नवव्या दिवशी घोडा दाखवतात, धरते म्हणतात. पण ही व्यालेली नाही, गाभडलेली आहे. आत पिशवी सुजलेली असते, वारेचा तुकडा राहिलेला असतो. रविवारी फोनवर हेच सांगितलं तर अण्णा म्हणाला, "रवळ्या, लीद उचलायला गेलतास न्हवं? डॉक्टर कवा झालास रं?"

"झालो न्हाय अण्णा. पण तपासल्याबगर नेऊ नको तिला."

"मागल्या खेपंला नवव्या दिशी कोण घेऊन गेलतं? मी?"

मी फोन ठेवला. कारण मीच गेलतो. आप्पा, म्हणजे आमचे वडील, तेव्हा जिवंत होते, अंथरुणावरून म्हणाले, "थांब लेका, तिच्या डोळ्यात बघ जरा." मी बघितलं नाही. घोडा गळतग्याला होता, तिथपर्यंत चालवत नेली. उभी राहीना तेव्हा नाकाला दोरी पिळून उभी केली. आठ दिवसांनी शेपटीखाली घाण वास यायला लागला. पुढं वर्षभर तिनं धरलं नाही.

म्हणून लिहून देतो. चिकोडीहून गुरांचा डॉक्टर आणावा. पिशवी तपासून, लागली तर धुऊन घ्यावी. निदान दोन माज सोडून द्यावेत. पुढं कधी घोडा दाखवलाच तर पंधराव्या दिवशी सोनोग्राफीचं मशीन लावून आत एकच आहे ना ते बघावं. हे का, ते खालच्या कलमात आहे. ते अण्णानं आईला मोठ्यानं वाचून दाखवावं.

कलम ४. दोन वर्षांमागं आमचं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगी होती. नाव ठेवलं नव्हतं. सव्वा महिनाही झाला नव्हता तर आई म्हणाली, "दुसरं राहू दे लगीच, म्हंजे इसरंल." मीही स्वरूपाला तेच म्हटलं. ती भिंतीकडं तोंड करून झोपली. मी रागावलो. नाकाला दोरी तेवढी नव्हती.

त्या दिवसांत ती फक्त शेवंतीजवळ बसायची. चारा तीच घालायची, खरारा तीच करायची. शेवंतीला आठवा महिना होता. एका पहाटे ती गाभडली. आई दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "रिकाम्या ओटीची बाई गाभण घोडीला चारा घालती व्हय? खाल्लं न्हवं हिनं शिंगरू!"

स्वरूपा माझ्याकडं बघत होती. मी लीद गोळा करत राहिलो.

मला एक ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. मी सगळ्यांच्या आधी उठलो होतो. गोठ्यात दोन शिंगरं होती. एक मोठं, एक मांजराएवढं. मला वाटलं, दोन मेलेली बघितली तर आई स्वरूपाला दुप्पट शिव्या देईल. म्हणून तिला वाचवायला बारकं मी बनियनमध्ये गुंडाळून आधीच पुरून आलो. थोड्या दिवसांनी ती माहेरी गेली, आणि मी इकडं पळून आलो.

इथं दुसऱ्याच महिन्यात डॉक्टरनं मशीनवर एका घोडीच्या पोटात दोन काळे ठिपके दाखवले. म्हणाला, घोडीला बहुतेक जुळी पेलत नाहीत, दोघांना जागा पुरत नाही, दोन्ही जातात. मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. मी पुरून टाकलं होतं तेच स्वरूपा निर्दोष असल्याचा पुरावा होता.

म्हणून साक्षीदारांसमोर जाहीर करतो, की स्वरूपाचा काही दोष नव्हता. ना शेवंतीच्या बाबतीत, ना आमच्या मुलीच्या.

कलम ५. स्वरूपानं दुसरं लग्न करावं, न करावं, तिला कुणी घाई करू नये. तिचा फोन लागत नाही. जगलो तर वडगावला जाऊन हे तोंडानं सांगीन. ती ऐकून घेईल असं नाही.

कलम ६. आईला हे खरं वाटणार नाही. ओढ्याकडच्या बांधावर जांभळीखाली दोन दगड आहेत, एक मोठा, एक बारका. बारक्याखाली तिनं स्वतः खणून बघावं. माझा निळा बनियन असेल. बघून झालं की माती परत सारखी करावी, आणि मग एस.टी.नं वडगावला स्वरूपाकडं जावं. एकटीनं. अण्णाला सोबत न्यायचं नाही.

सही : रवळू सत्याप्पा मगदूम

साक्षीदार, दोघांनीही मला सही करताना बघितलं :
१. भीमरत्न कांबळे, निपाणी, फार्मवर डॉक्टरच्या हाताखाली
२. महादेव गावकर, जांबोटी, फार्मवरचा स्वयंपाकी

ठिकाण : हिसार. मंगळवार, ४ मार्च २०२५. शनिवारला चार दिवस आहेत.