ती झोप माझी नव्हती

माया,

मी डॉक्टरांकडे चाललो, खरं काय ते सांगाले. झोप मोजणारं ते कापड तू माझ्या गादीवर अंथरलं, पण त्यावर मी झोपलोच नाही. तू वर गेली की पारशिवनीहून आलेल्या गोपाळकाकाले तिथं झोपवत होतो आणि मी बैठकीत खुर्चीवर बसून राहत होतो. तुझी आई गेल्यापासून त्या पलंगावर मले पडवतच नाही. काल मोबाईलवरचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी माझी झोपेची गोळी बंद केली. तू किती खूश झाली! तिथंच बोलाले पाहिजे होतं, माझी हिंमत झाली नाही.

काकाले काही बोलू नको, त्याले मीच गप्प बसवलं. तुले फसवाचं नव्हतं वं. माझ्यापायी तू रात्रभर खाली-वर करून राहिली होती, तुले झोप मिळावी एवढंच मनात होतं.

बाबा