शून्य दोन चार पाच पाच

प्रिय शिवादादा,

पोळ्यापासून लिहायचं म्हणतोय. मेंढरं लिंबाखाली बसली की वही काढायचो, तोवर एखादं कोकरू बांध ओलांडायचं, नाहीतर मलाच पलीकडची सीताफळं दिसायची. खरं सांगू, टाळत होतो. गुरुजी म्हणायचेच, हनवता, तुला गाईवर निबंध दिला की तू गाय सोडून बाजारात पोचतोस.

माय बरी हाय. डोळ्यात थेंब टाकताना रोज भांडती. काळी मेंढी जुळं व्याली. पुसेगावच्या बाजारात कुणी विचारलं की माय अजून सांगती, "माझा थोरला हैदराबादेत हाय, लई लांब, त्याला येणं होत न्हाई." हे ध्यानात ठेव.

ट्रकावरची एक गंमत तुला कधी सांगितली न्हाई. मी क्लीनर असताना डुलकीतून उठलो की विचारायचो, उस्ताद, कुठं आलो? हिरासिंग डायवर म्हणायचा, "पाटी वाच की गाढवा!" पण तेलुगू-कानडी मला कुठलं यायला? मग मी जुन्या दुकानांच्या पाट्यांवरचे फोनचे आकडे वाचायला लागलो. शून्य म्हणजे गावाची वेस ओलांडली. त्याच्यापुढं दोन असला तर आपला मुलूख किंवा गुजरात. वाशीम आलं की सात. हैदराबाद म्हणजे शून्य चार शून्य. मोठ्या शहराचा कोड आखूड अन् आपल्यासारख्यांचा लांबलचक. कारण शून्य सोडून कोड अन् नंबर मिळून दहाच आकडे बसवायचे असतात. जिथं फोन लई, तिथं नंबराला जागा जास्त लागती, म्हणून कोड आखडता घ्यायचा. हिरासिंगचं म्हणणं निराळं. तो म्हणायचा, "मोठ्याला नुसतं नाव पुरतं रे, गरिबाला बापाचं, गावाचं, सगळंच सांगावं लागतं."

मोबाईलचं तसं न्हाई. कंपनी बदला, राज्य बदला, नंबर तोच. त्याला गाव नसतं, माझ्यासारखंच. म्हणून तू म्हणायचास हैदराबादहून बोलतोय, अन् आमी इकडं माना हलवायचो.

बा गेला त्या दिवशीही तू त्याच मोबाईलवर रडलास. गाडी न्हाई म्हणालास. भावकी म्हणली, थोरल्याची वाट बघू. पार दिवस कलेपर्यंत बघितली. शेवटी थोरल्या पोरानं धरायचं मडकं माझ्या, धाकट्याच्या खांद्यावर दिलं. तू तिसऱ्या दिवशी आलास. येताना बिस्किटांचा पुडा आणलास, अन् माय त्या दुखवट्यातसुद्धा बायांना सांगत होती, हैदराबादची हायेत. मी ट्रक सोडला तो तेव्हाच. तू लांब, मग मायजवळ कोण? दादा, मला एका झाडाखाली चार रोज बसवत न्हाई, अन् मी इथं दुसरा पावसाळा काढून राहिलो.

पोळ्याच्या दिवशी तू मायला फोन केलास. मोबाईल बिघडला, शेठच्या फोनवरून बोलतोय म्हणालास. बोलून झालं, मायनं फोन माझ्या हातात दिला. मी सवयीनं आकडे वाचले. चार शून्य न्हाई. दोन चार पाच पाच. हा कोड तर मला पाठ, आपल्या कळमनुरीकडचा. लँडलाइनला माती सोडून जाता येत न्हाई, दादा.

तरी म्हणलं, माझीच काहीतरी चूक असंल. दुसऱ्या दिवशी लावला. एका बाईनं उचलला, "कृषी सेवा केंद्र, आखाडा बाळापूर, बोला." म्हणलं, शिवहार हायेत का? "ते जेवायला गेले. तुमी कोण?" म्हणलं, त्यांचा भाऊ. ती हसली. "काहून मस्करी करता? मी बायको त्यांची, माझ्या बाबांच्याच दुकानात बसतात ते. त्यांना कुणीच न्हाई. माय-बाप लहानपणीच गेले त्यांचे." माय समोरच शेंगा फोडत होती, दादा. मी म्हणलं, बाप मागल्या साली गेला, माय बसलीय इथं. तिनं बाचं नाव विचारलं. मग गाव विचारलं अन् फोन ठेवून दिला.

त्या दिवसापासून तुझा मोबाईल बंद. म्हणून हे पत्र, दुकानाच्या पत्त्यावर. तू लगीन केलंस याचा राग न्हाई, सासऱ्याच्या गल्ल्यावर बसलास त्याचाही न्हाई. दोन एसट्यांच्या अंतरावर बसून तू बापाला जळू दिलंस, अन् जित्या मायला मारून टाकलंस, ते मला गिळवत न्हाई. दिवाळीनंतर मी हिरासिंगबरोबर निघणार हाय. त्याच्या आत तू ये अन् स्वतःच्या तोंडानं मायला सांग. माझ्याच्यानं होईना. रोज तोंडापर्यंत येतं अन् मी मेंढरं मोजायला उठतो. तू न्हाई आलास तर

थांब. दारात कुणीतरी आलंय. एकटीच बाई हाय, कडेवर पोरगं. नाव शिला म्हणाली. आवाज त्याच फोनवरचा. मायनं तिला पाणी दिलं अन् पोराला मांडीवर घेतलं, अजून कुणाचं ते विचारलं न्हाई. नुसती त्याच्या, अगदी तुझ्यासारख्या, नाकावरून बोट फिरवून राहिली. आता माझ्याकडं बघून राहिली.

तुझाच धाकटा,
हनवता