लाल खुणेवरून सरकलेला स्क्रू

वाखनिंगन, नेदरलँड्स, शनिवार, जून २०२१

लॉकडाऊननंतर नेमबाजी क्लबात आज पहिल्यांदा वेळ मिळाली, आणि रायफलचा बोल्ट, काडतूस आत ढकलणारा दांडा, बंदच होईना. मी घरी भरलेलं प्रत्येक काडतूस लांब. परत येऊन शेडमधला काडतुसं भरायचा प्रेस पाहिला. लांबी ठरवणाऱ्या स्क्रूवर नेलपॉलिशची लाल खूण आहे, ती सरकलेली. प्रेस क्लबातला माझा मित्र आनंदही वापरतो. त्याला फोन केला.

"माझ्या रायफलसाठी फिरवला रे. केसाएवढाच तर."

"आणि परत खुणेवर कोण आणणार?"

"तू एखादं मोजून बघायचंस ना, डायरी लिहिणारे लेखकमहाशय."

मोजलं नाही, कारण खुणेवर परत आणायचं हे आमचं ठरलेलं होतं. की मीच मूर्ख? स्क्रू लाल खुणेवर आणून ठेवलाय. शेडची त्याच्याकडची किल्ली उद्या परत मागणार.