दुपारी एकचा फोन

प्रिय शीतल,

किरण गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाला बोरीवलीला आले होते, तेव्हा तुझ्या बाबांनी, भाऊरावकाकांनी, मला जवळ बसवून घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं, हिच्यामुळेच आमच्या पोराला नोकरी लागली. मी मान खाली घालून बसले. तुला वाटलं असेल, रडतेय.

किरण कामाला होता त्या राजस्थानातल्या सोलर प्लांटवर मी कधी गेलेच नाही गं. माझं काम अंधेरीच्या ऑफिसात, एसीत, स्क्रीनसमोर. तिकडे वाळवंटात पॅनलच्या कुठल्या रांगेतून किती वीज येतेय, ते मला इथे दिसतं. लोकांना वाटतं, जितका उन्हाळा कडक तितकी वीज जास्त. तसं नसतं. पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता सोसत नाही. मे महिन्यात ती सत्तर अंशांपर्यंत तापतात आणि वीज जवळजवळ सहाव्या हिश्श्याने घटते. बिघाड काहीच नसतो. हे किरणला माहीत होतं. मलाही.

अठरा मेला दुपारी एकला चौदाव्या रांगेचा आकडा बाकीच्यांपेक्षा जरा जास्त उतरला. साहेब विचारणार, माणूस पाठवला होता का? म्हणून मी किरणला फोन लावला.

"ताई, पॅनल तापलीत नुसती. पाचनंतर बघतो ना," तो म्हणाला.

"एकदा बघून ये रे. मला रिपोर्टमध्ये लिहायचंय."

बरं म्हणाला. लहानपणापासून मला कधी नाही म्हटलंय त्याने?

रांग केबिनपासून दोन किलोमीटरवर. गाडी बाहेर गेली होती, म्हणून चालत गेला. चार वाजता लोकांना तो पॅनलखालच्या सावलीत बेशुद्ध सापडला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. रांगेत काहीही बिघडलेलं नव्हतं.

कंपनीच्या कागदात लिहिलंय, दुपारी उन्हात काम करायची बंदी मोडून तो आपल्या मर्जीने गेला. तो कागद माझ्यापुढे आला आणि मी सही केली, शीतल. काकांच्या शेजारी बसले होते ती सही करून.

आज सकाळी चौकशी अधिकाऱ्यांकडे जाऊन मी खरं काय ते लिहून दिलं, फोनची नोंदही दिली. उद्या ते तुम्हाला बोलावतील. काकांना हे तिथे, परक्या माणसाच्या तोंडून कळू नये. आधी तू वाच, मग त्यांना सांग. किरण कुणाचं न ऐकता गेला नाही. माझं ऐकून गेला.

तुझीच म्हणायचं धाडस होत नाही,
दीप्ती