कलत्या फरशीचे वारस

मी, ‘जहाज’ या उपाहारगृहांच्या साखळीची संस्थापक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहिते. पुतण्याला माझ्या डोक्याबद्दल शंका असते, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. आमच्या घराण्यात दर्यावर्दी होते, असे कंपनीच्या माहितीपत्रकात छापले आहे. आमच्यात कोणी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरलेले नाही. पहिल्या दुकानात आधी लाँड्री होती. तिच्या नळ्यांची गोल भोके भिंतीत राहिली होती, आणि गवंड्याने फरशी एका बाजूला कलती घातली. एक गिऱ्हाईक म्हणाले, “जहाजात बसल्यासारखं वाटतंय.” मी वाढप्याच्या डोक्यावर निळी टोपी घातली. कंपनीचा इतिहास एवढाच.

२. माझे सर्व शेअर पुतण्याला द्यावेत. तो संचालक झाल्यावर तज्ज्ञांनी आमची फरशी मोजली आणि प्रत्येक शाखेत तेवढाच उतार काढला. आता सगळीकडे सूप मांडीवर सांडते.

“अरे, ती गवंड्याची चूक आहे,” मी म्हटले.

“काकू, तोच आपला ब्रँड आहे.”

नाचता येईना त्याला अंगण वाकडे असते. याने ते मुद्दाम वाकडे करून घेतले. डुगडुगत्या टेबलाखाली मी सरकवलेल्या पुठ्ठ्याच्या घड्याही आता कारखान्यातून येतात. मूळ पुठ्ठा त्यालाच मिळावा.

३. पहिल्या दुकानातले स्वयंपाकघर बंद करून तिथे माझा मेणाचा पुतळा बसवायचा, असे संचालक मंडळाने ठरवले आहे. परंतु ती जागा माझ्या एकटीच्या नावावर आहे. ती मी नणंदेला देते. आमचे विळ्याभोपळ्याचे सख्य जगजाहीर आहे. माझ्या सूपला तिने चारचौघांत “भांडी धुतलेलं पाणी” म्हटले, ते मी विसरलेले नाही. त्या दिवसापासून सूप तीच करते, आणि लोक टोप्या बघायला नव्हे, तिचे सूप प्यायला येतात. हे वाक्य तिला माझ्या माघारी वाचून दाखवावे. पुतळ्याचे कळल्यावर ती एवढेच म्हणाली, “वहिनी, मग मी सकाळी उठून जाऊ कुठे?” मला फार वाईट वाटले.

४. अट एकच. ताबा मिळताच तिने फरशी सपाट करून घ्यावी, खर्च माझ्या बचतीतून. साक्षीला आलेला गवंडी हे ऐकून म्हणाला, “बाई, तेव्हाच बोलला असतात तर एका दिवसाचं काम होतं.” तेव्हा फरशी सरळच आहे म्हणून माझ्याशी भांडला होता. असो. मग बाकीच्या शाखा कशाची नक्कल आहेत, ते मंडळाने बैठक घेऊन ठरवावे.

वकीलसाहेबांनी हे मला वाचून दाखवले. मला पटले, त्यांना हसू आले.

स्थळ: पहिल्या दुकानाचा माळा
दिनांक: सोमवार, दुकानाची सुट्टी
सही: संस्थापक

साक्षीदार:
१. डॉक्टर
२. गवंडी (सही एका बाजूला कलली आहे, ती त्यांचीच समजावी)