पट्टी उतरवता येते का?

प्रिय ताई,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर गाण्याचा विषय काढला की तू लगेच "बरं, ठेवते" म्हणतेस. आज माझं सगळं ऐकून घ्यावंच लागेल.

बातमी अशी, की मी गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर घेतलंय. हसू नकोस. चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर लोकांना विचारते, ही काच बरी की ती, आणि ते गोंधळले की मनातल्या मनात वैतागते. या वेळी माझीच ती गत झाली. तीन सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरून पाहिली. पहिल्यात पडदाभर इतकी बटणं, की आवाज भरायचं बटण सापडेपर्यंत गाण्याचा मूडच गेला. दुसरं दिसायला गोड, पण माझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला झेपेना. दोन ओळी वाजल्या की धापा टाकून बंद. तिसरं साधंसुधं. वाद्यांच्या दुकानातला माणूस विचारायचा, तुम्हाला नक्की करायचंय काय? माझा प्रश्न एकच, गाण्याची पट्टी उतरवता येते का? शेवटी तो म्हणाला, "बाई, ती सगळ्यांतच उतरते." म्हणजे निवड पुन्हा माझ्याच गळ्यात. मी तिसरं घेतलं.

आपलं पहिलं रेकॉर्डिंग आठवतं? कपड्यांच्या कपाटात बसून, दोन टेपरेकॉर्डर घेऊन. एकावर तुझा आवाज लावायचा, त्याच्यासोबत मी गायचं आणि दुसऱ्यावर दोन्ही भरायचे. तू वरच्या सुरात, मी खालच्या. काळी पाचच्या उंच पट्टीत तू अशी चढायचीस, की आई बाहेरून दारावर थापा मारायची. मला तुझा हेवा वाटायचा, आज कबूल करते. गळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुला गायची परवानगी दिली, त्याला वर्ष झालं. आवाज खाली आला, तर तू म्हणालीस, "माझ्यातली गाणारी गेली." मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. याच जाड आवाजात तू मला रागावतेस तेव्हा मी मुद्दाम आणखी दोन चुका सांगते, तो ऐकायला मिळावा म्हणून.

तर कपाटातलं ते गाणं मी की-बोर्डवर नव्यानं वाजवलं, वर स्वतः गायले आणि पट्टी उतरवली. पण वाद्यांबरोबर माझा भरलेला आवाजही उतरवून बसले, तो थेट पुरुषी झाला. आमचे अहो स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि विचारू लागले, कोण पाहुणे आलेत? हसून हसून पोट दुखलं. मग तो आवाज पुसला, नुसती वाद्यं खाली, पांढरी चारच्या पट्टीवर ठेवली आणि पुन्हा गायले.

पांढरी चारच का, तर गेल्या महिन्यात फोन स्पीकरवर ठेवून तू भांडी घासत होतीस आणि गुणगुणलीस. तुला कळलंही नाही. मी बोलणं थांबवून तुझा सूर की-बोर्डवर शोधला. सॉफ्टवेअरही तेच घेतलं, ज्याची साधी आवृत्ती तुझ्या कॉम्प्युटरवर फुकट चालते. फाइल पाठवलीय. त्यात वरचा सूर मी गायलेय, जन्मात पहिल्यांदा, आणि बरी गायलेय. खालची मुख्य ओळ तुझ्यासाठी मोकळी आहे. बेसूर आवाज आपोआप सुधारायची सोय मी बंद करून ठेवलीय. तुझा जुना आवाज मला नकोय, ताई. मला तू हवीस. गा.

तुझीच,
धाकटी